आधी मला विचारा: बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांची स्वतःची बाजू मांडण्याची चळवळ

डाउन सिंड्रोम असलेली तीस वर्षांची एखादी स्त्री आईबरोबर दवाखान्यात जाते, तेव्हा डॉक्टर बहुधा आईकडे पाहून विचारतात, "हिला काय होतंय?" बँकेतला कर्मचारी प्रश्न भावाला करतो, लग्नकार्यात तिने काय नेसायचे ते मावशी ठरवते, आणि कार्यशाळेत मेणबत्त्या करायच्या की कागदी पिशव्या हे ताई सांगतात. यांतल्या कोणाचाही हेतू वाईट नसतो. तरीही एका प्रौढ माणसाच्या आयुष्यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय दुसऱ्याच्या तोंडून येत राहतो, आणि काही वर्षांनी आपल्याला कोणी विचारेल ही अपेक्षाच त्या माणसाच्या मनातून निघून जाते. मग घरचे म्हणतात की तिला काही सांगता येत नाही. कधी विचारलेच गेले नाही म्हणून सांगण्याची सवय लागली नाही, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

हे बदलण्यासाठी बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा नसणे), डाउन सिंड्रोम अशा अवस्थांसह जगणाऱ्या माणसांनीच एकत्र येऊन जे काम सुरू केले, त्याला जगभर सेल्फ-ॲडव्होकसी, म्हणजे स्वतःची बाजू स्वतः मांडणे, म्हणतात आणि आपल्याकडच्या संस्थांमध्येही हाच शब्द रुळला आहे. या अवस्था जन्मापासून किंवा वाढीच्या वयात सुरू होतात आणि आयुष्यभर सोबत राहतात, म्हणून त्यांना विकासात्मक अपंगत्व म्हटले जाते. मानसिक आजार ही वेगळी गोष्ट आहे, आणि हा फरक पुढे न्यायालयातही महत्त्वाचा ठरला. २०११ च्या जनगणनेत भारतात बौद्धिक अक्षमता असलेल्या सुमारे १५ लाख लोकांची नोंद झाली. त्यांच्याबद्दल शिक्षक, डॉक्टर, पालक आणि शासन यांनी पुष्कळ बोलून झाले आहे. सेल्फ-ॲडव्होकसीचा आग्रह एवढाच की त्या बोलण्यात ही माणसे स्वतः असली पाहिजेत, आधी आपल्या घरात, मग गटात आणि मग गावात किंवा शहरात.

या चळवळीची मुळे स्वीडनमध्ये सापडतात. तिथे १९६० च्या दशकात बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांचे क्लब सुरू झाले होते, आणि १९७० मध्ये माल्मो शहरात त्यांची राष्ट्रीय परिषद भरली. फिरायला नेताना आम्हाला मोठ्या घोळक्याने नेऊ नका आणि आमच्या परिस्थितीची चर्चा होते तिथे आम्हालाही बसू द्या, अशा तिथल्या मागण्या होत्या. मात्र चळवळीला नाव आणि चालना मिळाली ती अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात.

ओरेगनच्या सेलम शहरात फेअरव्ह्यू नावाची सरकारी संस्था १९०८ मध्ये सुरू झाली. ऐन भरात तिथे अडीच हजारांहून अधिक लोक राहत होते, म्हणजे एखाद्या बऱ्या गावाची वस्ती कुंपणाच्या आत होती. याच राज्यात विसाव्या शतकात २,६०० हून अधिक लोकांवर नसबंदी लादली गेली, आणि अशा संस्थांमधून बाहेर पडायचे असेल तर कित्येकांना आधी ती करून घ्यावी लागे. राज्याचे गव्हर्नर जॉन किट्झहॅबर यांनी त्याबद्दल २००२ मध्ये जाहीर माफी मागितली. १९७३ मध्ये फेअरव्ह्यूशी संबंधित एक लहान गट शेजारच्या कॅनडातल्या एका परिषदेला गेला. परिषद बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांसाठी होती, पण तिथे बोलणारे बहुतेक सगळे तज्ज्ञ होते. परत आल्यावर या गटाने ठरवले की आपली परिषद आपणच भरवू. जानेवारी १९७४ मध्ये बैठका सुरू झाल्या. त्यांतल्या एका बैठकीत, आम्हाला लोक सगळ्यात आधी मतिमंद म्हणून ओळखतात, त्याऐवजी आधी माणूस म्हणून ओळखावे, अशा अर्थाचे बोलणे निघाले आणि त्यातून 'पीपल फर्स्ट' हे नाव ठरले. व्हॅलेरी शाफ पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओरेगनच्या किनाऱ्यावर ऑटर रॉक इथे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा ५६० लोक जमले. फेअरव्ह्यू पुढे २००० मध्ये बंद झाली.

इथे एक शंका रास्त आहे: ज्यांना हिशेब जमत नाही, वाचता येत नाही, लांब बोलणे समजत नाही, अशी माणसे संघटना चालवतात म्हणजे नेमके काय करतात? की मागून कोणीतरी दोऱ्या ओढत असते? ही शंका चळवळीतल्या लोकांनीच सर्वांत आधी ओळखली, आणि तिच्यावर त्यांनी शोधलेले उपाय हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. गटाला एक सहायक असतो, पण तो नेमणे आणि काढणे सभासदांच्या हाती असते. त्याला मत देता येत नाही. तो शिक्षक किंवा संस्थेचा कर्मचारी असेल तर अडचण होते, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच शेजारी बसलेला असतो. म्हणून सहायक शक्यतो संस्थेबाहेरचा असावा असा या गटांचा अनुभव आहे. चांगल्या सहायकाचे काम बैठकीत फारसे दिसतही नाही. बसची वेळ पाहून ठेवणे, आलेले सरकारी पत्र चार सोप्या वाक्यांत समजावणे, कोणी बोलता बोलता अडखळला तर त्याचे वाक्य पूर्ण न करता थांबून राहणे, अशी ती कामे असतात, आणि आपल्याकडच्या कोणत्याही सभेत बसलेल्या माणसाला कळेल की यांतले शेवटचे सर्वांत अवघड आहे.

ब्रिटनमधल्या गटांनी रंगीत कार्डांची पद्धत आणली. बोलणे समजले नाही किंवा थांबवायचे असले की सभासद लाल कार्ड वर करतो, आणि मग वक्ता कितीही मोठा असला तरी त्याला थांबून पुन्हा सांगावे लागते. कागदपत्रे सोप्या मजकुरात लिहिली जातात: एका वाक्यात एकच गोष्ट, मोठी अक्षरे, आणि प्रत्येक मुद्द्याशेजारी अर्थ सांगणारे चित्र. इतिवृत्तही तसेच चित्रांसह असते. हे वरवर मुलांच्या पुस्तकासारखे वाटते, पण एखादी सरकारी योजना अशा मजकुरात लिहायला बसले की योजना लिहिणाऱ्यालाच ती किती कळली आहे हे उघडे पडते.

प्रश्न कसा विचारायचा, हेही एक शास्त्र आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांच्या मुलाखती घेणाऱ्या संशोधकांना १९८० च्या सुमारासच दिसून आले होते की प्रश्न नीट कळला नाही, किंवा समोरच्याला काय ऐकायचे आहे याचा अंदाज आला, की उत्तर बहुधा 'हो' असे येते. पोहे हवेत का, हो. उपमा हवा का, हो. काहीच नको का, हो. आयुष्यभर आज्ञाधारकपणाचेच कौतुक झालेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावे? म्हणून दोन पर्याय समोर ठेवून विचारतात, पण तिथेही शेवटी उच्चारलेला पर्याय उचलण्याचा कल असतो. तेव्हा थोड्या वेळाने क्रम उलटा करून तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो, शक्य असेल तर खरी वस्तू किंवा फोटो दाखवून. जी व्यक्ती शब्दांनी बोलत नाही, तिच्या बाबतीत चित्रांचा तक्ता, नजर, हाताची ओढ, एखाद्या खोलीत जायला दिलेला नकार, हे सगळे उत्तरच मानावे लागते, आणि वर्षानुवर्षे जवळ असलेल्या माणसांनी ते नोंदवून ठेवावे लागते. चळवळीवरचा एक आक्षेप असा आहे की तिच्या व्यासपीठावर नेहमी चांगले बोलता येणारेच दिसतात आणि ज्यांना सर्वाधिक आधार लागतो ते मागे राहतात. हा आक्षेप खरा आहे. तो दूर करायला वेळ आणि माणसे लागतात, आणि बहुतेक संस्थांकडे नेमकी याच दोन गोष्टींची टंचाई असते.

आपल्याकडे या क्षेत्रातले जवळजवळ सगळे काम पालकांनी आणि शिक्षकांनी उभे केले. मुंबईत जय वकील शाळा १९४४ मध्ये, पुण्यात कामायनी १९६४ मध्ये आणि नाशिकमध्ये रजनी लिमये यांची प्रबोधिनी १९७७ मध्ये सुरू झाली. अशा शाळा निघण्याआधी या मुलांना घराच्या मागच्या खोलीशिवाय जागा नव्हती, त्यामुळे हे ऋण मोठे आहे. पण शाळा मुलांसाठी असतात, आणि मुले पुढे चाळिशी-पन्नाशी गाठतात. तरीही आपण त्यांना 'आमची मुले' म्हणतच राहतो आणि पालकांचे म्हणणे तेच त्यांचे म्हणणे असे गृहीत धरतो. दोन्ही म्हणणी पुष्कळदा जुळतात, पण नेहमीच नाही. आईला मुलगा सुरक्षित हवा असतो, तर मुलाला कदाचित एकट्याने एसटीने मामाच्या गावी जायचे असते. मुंबईतल्या एका घरात हा बदल एका पिढीत घडलेला दिसतो. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, जी पुढे 'अडॅप्ट' झाली. आणि ज्यांच्या निमित्ताने ती संस्था निघाली त्या त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी मोठेपणी 'अडॅप्ट राइट्स ग्रुप' उभा करून अपंग प्रौढांचा स्वतःचा आवाज संघटित केला. पालक संघटनांच्या 'परिवार' या राष्ट्रीय महासंघाच्या आधाराने 'सेल्फ ॲडव्होकेट्स फोरम ऑफ इंडिया' हा मंचही आज काम करतो.

न विचारता घेतलेल्या निर्णयांची किंमत किती असते, याचे महाराष्ट्रातले उदाहरण विसरता येण्याजोगे नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. मासिक पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी जोरदार विरोध केला, देशभर चर्चा झाली, पण त्या स्त्रियांना स्वतःला काय वाटते हे त्या चर्चेत जवळजवळ कुठेच ऐकू आले नाही. पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर चंदीगडचे प्रकरण आले. सरकारी आश्रयगृहात राहणारी, बौद्धिक अक्षमता असलेली एक तरुणी बलात्कारातून गर्भवती राहिली होती. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता, पण तिला मूल हवे होते. गर्भपाताच्या कायद्यात मानसिक आजार असलेल्या स्त्रीच्या वतीने कायदेशीर पालकाची, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीची, संमती चालते. बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नव्हे, तेव्हा तिची स्वतःची संमती आवश्यक आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन या नावाने हा निकाल ओळखला जातो.

कायद्याच्या पातळीवरचा मोठा टप्पा म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार. तो डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारला गेला आणि भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. अपंग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे आणि ती वापरण्यासाठी लागणारा आधार देणे राज्याचे काम आहे, असे त्याचा बारावा अनुच्छेद सांगतो. कराराच्या वाटाघाटींत भाग घेणाऱ्यांमध्ये न्यूझीलंडचे रॉबर्ट मार्टिन होते. त्यांचे बालपण संस्थांमध्ये गेले होते. कराराची अंमलबजावणी तपासणाऱ्या समितीवर ते २०१६ मध्ये निवडून आले. संयुक्त राष्ट्रांच्या अशा समितीवर बसलेले ते बौद्धिक अक्षमता असलेले पहिले सदस्य होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतात मात्र दोन कायदे शेजारी शेजारी नांदतात आणि पालकांचा गोंधळ उडतो तो इथेच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. हे काम जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती करते. तिच्यावर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. ही व्यक्ती बौद्धिक अक्षमता असलेलीच असावी असे बंधन नाही, हे मला या रचनेतले व्यंग वाटते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा याच्या पुढे जातो. तो मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडतो: पालक आणि व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने मिळून निर्णय घ्यायचा, हे पालकत्व ठरावीक कामापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते असायचे, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालायचे. आधी नेमलेले पालकही यापुढे मर्यादित पालक म्हणूनच काम करतील, असे हा कायदा सांगतो. घराघरांत याची फारशी माहिती नाही. पालकत्वाचा दाखला मिळाला की सगळेच हक्क आपल्याकडे आले असे समजून तो कपाटात जपून ठेवला जातो.

राष्ट्रीय न्यास कायद्यातच एक चांगली तरतूद आहे, तिचा उपयोग मात्र फार कमी केला जातो. अर्ज आल्यावर समितीने आधी दोन गोष्टी पाहायच्या असतात: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामासाठी. हे दोन प्रश्न त्या व्यक्तीच्या उपस्थितीत, तिला समजेल अशा भाषेत विचारले जावेत, असा आग्रह अर्ज करणाऱ्या कुटुंबालाही धरता येतो. कित्येकदा पालकत्वाची मागणी घरातून उगवतच नाही; बँकेने किंवा एखाद्या कार्यालयाने कागद मागितला, म्हणून संपूर्ण आयुष्याचा अधिकार हस्तांतरित करण्याचा अर्ज केला जातो.

पालकत्वाला पर्याय कसा दिसतो, हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या जेनी हॅच यांच्या खटल्याने अनेकांना दाखवले. डाउन सिंड्रोम असलेल्या जेनी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करत होत्या आणि दुकानाचे मालक असलेल्या स्नेह्यांकडे राहू इच्छित होत्या. आईने आणि सावत्र वडिलांनी पालकत्व मागितले, आणि दरम्यान जेनींना समूहगृहात ठेवण्यात आले. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यायालयाने त्यांची इच्छा मान्य केली. त्या स्नेह्यांना एका वर्षापुरते पालकत्व देऊन, पुढे जेनींनी आधार घेत स्वतःचे निर्णय स्वतः घ्यावेत अशी दिशा ठरवून दिली. टेक्सास राज्याने २०१५ मध्ये अशा आधाराच्या लेखी कराराला कायद्यात जागा दिली. कल्पना साधी आहे. आपण आयकराचे विवरणपत्र सनदी लेखापालाकडून भरून घेतो म्हणून आपल्या मिळकतीवरचा आपला हक्क त्याच्याकडे जात नाही. तसेच पैशासाठी बहिणीचा, औषधोपचारासाठी डॉक्टरकाकांचा आणि प्रवासासाठी मित्राचा सल्ला घेणाऱ्या प्रौढाचा निर्णय त्याचाच राहतो. आधार देणारी माणसे एकापेक्षा अधिक असली तर फसवणुकीची भीतीही घटते, कारण एकाच्या हाती सगळे जात नाही. ही भीती पालकांना रात्री झोपू देत नाही, आणि ती निराधार आहे असे कोणीही म्हणू नये. पण ज्याला कधी दहा रुपयेही स्वतः खर्च करू दिले नाहीत, तो आईवडिलांच्या पश्चात अधिक सुरक्षित असतो असे मानायला काही आधार नाही. दहा रुपयांत फसणे हा पुढे दहा हजारांत न फसण्याचा अभ्यास असतो.

घरापलीकडचे क्षेत्र म्हणजे गाव आणि प्रभाग. इथे आपल्याकडे एक जमेची बाजू आहे. सक्षम न्यायालयाने विकल मनाची म्हणून घोषित केले असेल तरच, त्या कारणावरून, मतदार यादीतून नाव वगळता येते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र हे त्याचे कारण होऊ शकत नाही. शिवाय निरक्षर मतदारांसाठी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून चिन्हे आली आणि आता मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटोही असतो, त्यामुळे वाचता न येणाऱ्याला निवड करता यावी ही सोय आपल्या मतपत्रिकेत आधीच आहे. राज्यघटनेनुसार गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सभासद असते. म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेला गावातला मतदार ग्रामसभेत कोणाच्या कृपेने बसत नाही. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते, आणि स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो.

या निधीतून काय करायचे, हे आज बहुतेक ठिकाणी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी ठरवतात आणि फार तर पालकांना विचारतात. एखाद्या गावातल्या किंवा शेजारच्या दोन-तीन गावांतल्या तीन-चार प्रौढांनी आधी आपसांत बसून एकच मागणी ठरवली, एसटी थांब्यावर बसायला बाक हवा किंवा कामाच्या ठिकाणी जायला रिक्षाचे भाडे हवे अशी, तिचे चित्र काढले, आणि एकाने सभेत ती एका वाक्यात मांडण्याचा सराव केला, तर सुरुवातीला तेवढे पुरे. सहायकाने मागे बसावे आणि कोणी त्याच्याकडे वळून प्रश्न विचारला तर तो मागणी मांडणाऱ्याकडे वळवावा. ठराववहीत मागणी कोणाच्या नावाने नोंदली जाते याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सवयीने तिथे वडिलांचे नाव पडते. नोंद तिथल्या तिथे वाचून घ्यावी आणि चुकली असेल तर सह्या होण्याआधी दुरुस्त करून घ्यावी, म्हणजे पुढच्या सभेत निधीचे काय झाले हे विचारायला ज्याची मागणी होती तोच उभा राहू शकतो.